टर्बोच्या तीन पिढ्या आणि नथ्थूजी

टर्बो बसवलेल्या पहिल्या मोटारींना साधे पेट्रोल सोसत नव्हते, ते पुढच्या मोटारींना कसे सोसू लागले? वीस वर्षे विज्ञान शिकवूनही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो माझ्यापुढे ठेवला आमचे शेजारी नथ्थूजी यांनी. आणि नागपुरात तेव्हा अशी एकही मोटार आमच्या पाहण्यात नव्हती.

नथ्थूजी मूळचे खाप्याचे, मोटारदुरुस्तीच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. दारात वाहन थांबले की आत बसलेल्या माणसाच्या आधी ते इंजिनाची विचारपूस करीत. "काय पाजून राहिले इले?" पंपावर ते रुमालावर दोन थेंब पेट्रोल घेत, वाळू देत आणि हुंगत. रॉकेलचा वास मागे राहिला तर पंपवाल्याची खैर नसे.

माझ्या भाच्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाची मोटार मांडवाच्या अलीकडेच अडवली. "इंजिन ठोकून राहिलं गा! पहिले बंद कर." बँडही थांबला.

"नथ्थूजी, मुहूर्त टळतो आहे!" मी म्हणालो.

"मुहूर्त दुसरा भेटते मास्तर, पिस्टन नाही भेटत."

नवरदेव उरलेले अंतर मुंडावळ्या सावरत पायी आला.

त्यांचा एकुलता मुलगा विलास पश्चिम जर्मनीत नोकरीला होता. त्याने तिथे जुनी टर्बो मोटार घेतली आणि वडिलांना एक इंग्रजी मासिक पाठवले. ते घेऊन नथ्थूजी माझ्याकडे आले. "मराठीत सांगा मास्तर. रविवारी पोराचा फोन येते." फोन आमच्या घरी होता. महिन्यातून एकदा, तीन मिनिटे.

मी त्यांना पायरीपायरीने समजावले. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरणारा पंखा. तो सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. कोंबलेली हवा तापते आणि पेट्रोल ज्वाळेची वाट न पाहता जागोजागी भडकते. तीच ठोक. पहिल्या पिढीत एका कंपनीने त्यावर पाणी आणि स्पिरिटाचा फवारा योजला. दुसऱ्या पिढीने कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरवले. तरीही बहुतेकींना उंच ऑक्टेनचे, म्हणजे सहजी न भडकणारे, पेट्रोल लागेच. तिसरीने कोंबलेली हवा थंड केली आणि ठोक ऐकणारा एक कान इंजिनाला जोडला. ठोक ऐकू आली की ठिणगी जरा उशिरा पडते. मग हलक्या पेट्रोलवरही काही गाड्या निभावतात, जोर तेवढा घटतो.

"म्हंजे पहिला पाण्याच्या घोटाघोटानं जेवे, दुसऱ्याले तूपच पाहिजे, अन् तिसरा पोट पाहून खाते. समजदार हाय तिसरा!"

त्यानंतर दर महिन्याला ते चिठ्ठीवर प्रश्न लिहून आणीत. ऑक्टेन किती? चढावर ठोकते का? प्लग कोणत्या रंगाचे? प्रश्न संपण्याआधी तीन मिनिटे संपत.

"पोरगा बरा हाय," ते समाधानाने सांगत.

"कशावरून, भाऊजी?" माझी पत्नी विचारी.

"ठोकत नाही म्हणे."

अशाच एका रविवारी ते सात प्रश्न घेऊन आले. फोन आला. पहिल्याच उत्तराला त्यांचा चेहरा उतरला. "इकली?" एवढेच ते म्हणाले. विलासने मोटार विकली होती. तो आता ट्रामने कामावर जात होता. नथ्थूजी चिठ्ठीकडे पाहत राहिले. सातही प्रश्न मोटारीचे होते.

आधी हा फोन त्यांची पत्नी घेत असे. तीन मिनिटे तीच बोले, आणि नथ्थूजी दाराशी उभे राहून ऐकत. त्याच्या आदल्या दिवाळीआधी ती वारली. तेव्हापासून रिसीव्हर त्यांच्या हातात आला होता.

"बोला, नथ्थूजी," मी हळूच म्हणालो.

त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"विलास... जेवला काय गा?"

पलीकडचे उत्तर मला ऐकू आले नाही. पण ते लांबत गेले. नथ्थूजी नुसते "हो बाप्पा, हो" म्हणत होते. मध्येच ऑपरेटर बाईने वेळ संपल्याचे सांगितले असावे, कारण ते एकदम अजिजीने म्हणाले, "बोलू दे वं बाई त्याले. स्वयंपाकाचं सांगून राहिला थो."

पिढ्यांचा फरक मी त्या एकाच मासिकावरून मांडला आहे. वाचकांनी तो आपापल्या मोटारीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा, ही विनंती.