आगाऊ माफी

निलो काबाहुग कुणाच्या बापाला भीत नाही, हे मंदाउए शहरातल्या त्या वेताच्या खुर्च्यांच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. कारण निलो स्वतःच ते दिवसातून चारदा सांगायचा! दुपारी डबे उघडले की पोट पुढे काढून तो वॉल्ट साहेबांची अशी नक्कल करायचा, की बायकांना भाताचा ठसका लागायचा.

"अरे, आणा त्या साहेबाला समोर! तोंडावर करून दाखवीन!"

असं म्हणायला काय जातं? साहेब तेव्हा वरच्या मजल्यावर असायचे.

वॉल्ट साहेब अमेरिकन. त्यांना बढती मिळून मनिलाला बदली झाली होती. बायको, लूझ मॅडम, इथलीच; ती घर सोडणार नव्हती, साहेब एकटेच निघाले होते. सोमवारी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि जाहीर केलं, "शुक्रवारी निरोपाला भाषणं नकोत, रडणं नको. मला रोस्ट करा!"

रोस्ट म्हणजे निखाऱ्यांवर गोल फिरणारं डुक्कर, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. निलोचा बाप तर कारकार गावात तीस वर्षं तेच भाजत होता. निलोनं साहेबांच्या पोटाकडे पाहिलं आणि घाईघाईनं नजर वळवली.

साहेब हसून म्हणाले, "तसं नाही रे! आमच्याकडे त्याचा आणखी एक अर्थ आहे. माणसाला मधोमध बसवायचं आणि चारचौघांत त्याची यथेच्छ टिंगल करायची. त्यानं हसत ऐकायचं. जितकं झोंबेल तितकं प्रेम जास्त!"

"प्रेम?" पॅकिंगची मुकादम मारिविक पुटपुटली. "आमच्या गल्लीत एवढ्या प्रेमानं दोघं दवाखान्यात गेले!"

"मग, कोण करणार?" साहेबांनी विचारलं.

चाळीस माणसांनी आपापल्या चपला न्याहाळल्या. आणि मग चाळीस बोटं निलोकडे वळली.

निलोच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचे उमेदवारीचे सहा महिने याच आठवड्यात संपत होते. मनिलाला जाण्याआधी कायम होणाऱ्यांच्या यादीवर शेवटची सही करणार होते वॉल्ट साहेब. आणि त्याच्या प्रेयसीच्या, जेलिनच्या, बापानं बजावलं होतं, "नोकरी कायम, तर लग्न जानेवारीत. नाहीतर माझ्या दारात दिसू नकोस!"

कारखान्यातल्या मंडळींनी मात्र सढळ हातानं मदत केली. साहेबांची एकेक खोड लोक आणून देत होते. बुधवारपर्यंत निलोकडे बारा विनोद जमले आणि झोप मात्र पार उडाली. शेवटी त्यानं आईला सगळं सांगितलं.

"अरे दोंग, अरे पोरा!" आईनं कपाळावर हात मारला. "मोठ्या माणसाला चारचौघांत खाली बघायला लावायचं, आणि आधी एका शब्दानं विचारायचंही नाही? हीच शिकवण दिली का मी तुला?"

"पण नानाय, साहेबांनी स्वतःच सांगितलंय!"

"तो परदेशी आहे, त्याला काय कळतंय! ऊठ, पायात चपला घाल. घरी जाऊन आधी माफी मागायची, मग काय तो अपमान करायचा. रीत म्हणजे रीत!"

गुरुवारी संध्याकाळी मायलेक साहेबांच्या बैठकीच्या खोलीत हजर. आईच्या मांडीवर बापानं भाजलेल्या डुकराचं दोन किलोंचं पुडकं. लूझ मॅडमनी ताटं मांडली. निलो हात जोडून उभा राहिला.

"सर, उद्या मी जे बोलणार आहे, त्याची आजच माफी मागतो."

"अरे, कशाला!" साहेब म्हणाले.

"मोघम माफी नको," आई म्हणाली. "एकेक पापाची वेगळी माग!"

निलोनं खिशातून कागद काढला. "माफ करा सर, खुर्ची मजबूत आहे की नाही हे कळायला आपण यंत्र घेत नाही, तुम्हांला बसवतो, असं मी म्हणणार आहे."

साहेब पोट धरून हसले. निलोला जरा धीर आला.

"माफ करा सर, तुमचे डोक्यावरचे केस कानाच्या मागून बोलावून आणलेले आहेत, असं म्हणणार आहे."

साहेब थोडे कमी हसले. मॅडम जास्त हसल्या.

"माफ करा सर, दर बुधवारी तुम्ही घरी गिऱ्हाइकांची मीटिंग सांगता आणि कोंबड्यांच्या झुंजींना जाता, आणि तुमचा कोंबडा पहिल्या मिनिटातच..."

हसणं थांबलं. मॅडमच्या हातातली वाटी खाली आली.

"बुधवारी?" मॅडम अगदी हळू म्हणाल्या. "दर बुधवारी मी चर्चमध्ये गुडघे टेकून बसते, वॉल्ट. मीटिंगांनी तुझी पाठ मोडते म्हणून प्रार्थना करते!"

"ही कातडी घ्या ना, मॅडम," आई कळवळून म्हणाली. "छान कुरकुरीत झालीय."

कातडी कुणीच घेतली नाही. मायलेक जीव मुठीत धरून घरी परतले. वाटेत निलो रडायच्या बेतात होता. जेलिन, जानेवारी, नोकरी, सगळं त्याला वाहून जाताना दिसत होतं.

शुक्रवारी दुपारी साहेब मधल्या खुर्चीत बसले. शेजारच्या खुर्चीत न बोलावता आलेल्या लूझ मॅडम. निलोच्या हातात माईक आला. त्यानं कागद खिशातच ठेवला आणि ठरवलं, नुसती स्तुती करायची!

"आपले साहेब फार कष्टाळू," तो कापऱ्या आवाजात म्हणाला.

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कुठल्याही वारी या. साहेब जागेवर!"

"बुधवारीसुद्धा?" मागून मारिविक ओरडली, आणि अख्खी शेड हसून लोळायला लागली. निलो गयावया करत होता, "नाही हो, मी खरंच चांगलं बोलतोय!" लोक आणखीच हसत होते. साहेब लाल झाले. मग मॅडम उठल्या, निलोच्या हातातून माईक काढून घेतला आणि नवऱ्याला पाऊण तास असं काही भाजलं, की निलोच्या बापानंही शिकून घ्यावं. माफी मात्र त्यांनी आधीही मागितली नाही आणि नंतरही नाही.

सगळं आटोपल्यावर साहेबांनी निलोला कोपऱ्यात बोलावलं. साहेबांनी यादी पुढे केली. त्याच्या नावासमोर सही होती!

"सकाळीच केली," साहेब म्हणाले. "हसत ऐकायचं, असं मीच म्हणालो होतो. शब्द म्हणजे शब्द."

निलोचे डोळे भरून आले. त्यानं साहेबांचा हात धरला. "सर, मनिलाला सुखरूप जा! तुमची फार आठवण येईल!"

"नाही येणार," साहेब म्हणाले. "लूझ म्हणते, बुधवार मनिलातही असतो. तिनं सकाळीच हेड ऑफिसला फोन करून माझी बदली रद्द करून घेतली. तू आता इथं कायम झालास, निलो. मीसुद्धा."