थोरलीचा अक्रोड

"या कामात चूक होऊच शकत नाही," मिलीने जाहीर केलं, "कारण ते मी पद्धतशीर करणार आहे!"

बॅग उचलून दाराशी पोचलेल्या मामाने बॅग परत खाली ठेवली. मामीने चष्मा कपाळावर सरकवला. मिलीच्या तोंडून 'पद्धतशीर' हा शब्द निघाला की त्या घरात सगळे हातातलं काम सोडून तिच्याकडे बघायचे. मागे तिने मिक्सर पद्धतशीर साफ केला होता. तेव्हापासून पातं जागच्या जागी राहतं आणि बाकीचा मिक्सर फिरतो.

मिली हे तिचं खरं नाव नव्हे. रसायनशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झालेली ही भाची चहात साखर घालतानासुद्धा चमच्यावरून बोट फिरवून तो सपाट करायची, म्हणून मामाने तिला मिलिमीटर म्हणायला सुरुवात केली. घाईच्या वेळी मिली. पुढे घाईच जास्त असायची.

आणि काम होतं थोरलीचं. थोरली म्हणजे मामाची जुनी गाडी. सायीच्या रंगाची, गोलमटोल, वयाने मामापेक्षाही मोठी. हे नाव मामीने ठेवलं होतं. "यांचं लग्न आधी हिच्याशी झालं, मग माझ्याशी. मी धाकटी!" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. थोरली चढावर धापा टाकायची, तिचा हॉर्न सर्दी झालेल्या बोकडासारखा वाजायचा, पण या कशाचंच मामाला काही नव्हतं. त्याचा सगळा अभिमान आत होता. डॅशबोर्ड, चारही खिडक्यांखालच्या रुंद पट्ट्या, समोरच्या कप्प्याचं झाकण, सगळं अक्रोडाच्या लाकडाचं! पाहुणा आला की मामा त्याला आत बसवायचा, त्या झाकणावर बोटाने टकटक करायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, "ऐका! अस्सल!" पाहुण्याने भारावून दाराच्या पट्टीवर टकटक करायला हात नेला, की मामा त्याचं मनगट धरायचा. "तिथे नको हं! घामाचे डाग पडतात."

शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडेही एक जुनी गाडी होती, हिरवी. तिच्यातही लाकूड होतं, पण मामाच्या मते ते लाकूड नव्हतंच. "पत्र्यावर रंगवलंय हो ते! लाकडाचं चित्र!" असं तो चारचौघांत म्हणायचा. डॉक्टर बिचारे हसायचे. दात स्वतःचे असूनही तोंड मिटून हसायचे.

आता थोरलीच्या अक्रोडावरचं वॉर्निश पिवळं पडलं होतं आणि आटलेल्या तळ्याच्या तळासारखं तडकलं होतं. रविवारी शाळेच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन. मामा आठवडाभर भावाकडे जाणार आणि शनिवारी परतणार. तेवढ्यात जुनं वॉर्निश काढून नवं चढवायचं, असा मिलीचा बेत होता.

"सोलायलाच हवं का गं?" मामा म्हणाला. "वरच्यावर पुसलं तर?"

"जुना थर काढल्याशिवाय नवा धरत नाही, मामा."

मामाने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मामीकडे पाहिलं आणि मिटलं. मग बॅग उचलत म्हणाला, "बरं. नीट झालं, तर पुढच्या महिन्यात इंजिन उघडू तेव्हा पाना तुझ्या हातात."

थोरलीच्या इंजिनाला मामाशिवाय कोणी हात लावलेला नव्हता. मामीला तर बॉनेट उघडं असताना जवळ शिंकायचीसुद्धा परवानगी नव्हती!

"आणि बिघडलं तर?" मिलीने विचारलं.

मामाने दारातून गॅरेजकडे एक नजर टाकली. "तर रविवारी मी घरातून बाहेर पडणार नाही. कदाचित सोमवारीही नाही."

मिलीने सुरुवात खरोखरच पद्धतशीर केली. स्क्रू काढून प्रत्येक जागेचे वेगळ्या डबीत ठेवले. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. सगळे भाग सुटे करून गॅरेजमधल्या लांब टेबलावर मांडले. दार सताड उघडं ठेवलं, हातमोजे चढवले. आणि रंग काढायचं जेल कुठेही फासण्याआधी, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, न दिसणाऱ्या जागी थोडंसं लावून पाहिलं. कप्प्याच्या झाकणाच्या आतल्या कडेला. वॉर्निश फुगलं, सुरकुतलं, अलगद निघालं, आणि खालून मधाच्या रंगाचं, बारीक रेघांचं इतकं देखणं लाकूड वर आलं की मिलीने एकटीनेच टाळी वाजवली.

"नमुना उत्तम!" ती म्हणाली आणि उरलेल्या सगळ्या भागांना एकाच वेळी जेल फासलं. सगळ्यांना सारखं तापमान, सारखा वेळ. भेदभाव नको!

पहिल्यांदा पिवळं वॉर्निश निघालं. छान. मग प्लास्टिकच्या सुरीवर तपकिरी लगदा यायला लागला. "जुनं पॉलिश," मिलीने स्वतःला समजावलं. मग खालून खाकी रंग दिसायला लागला. "हे लाकूड!" ती म्हणाली. पण हे लाकूडही सुरीबरोबर निघालं. त्याखाली विटकरी रंग आला. मिलीच्या कपाळावर घाम आला. हे खालचं लाकूड असेल. आतलं. गाभ्याचं. तिने जरा जोर लावला.

खर्रर्र!

सुरीखालून तिचाच चेहरा तिच्याकडे बघत होता. अंधुक, पण तिचाच. लाकडात चेहरा दिसत नाही, एवढं रसायनशास्त्र सगळ्यांना येतं.

ती धावत स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजवरचा टोमॅटोच्या आकाराचा चुंबक उपटून आणला. त्याखालची धोब्याची पावती जमिनीवर पडली. जी चाचणी सगळ्यात आधी करायची, ती तिने आता केली. डॅशबोर्ड: टक! चिकटला. पहिली पट्टी: टक! दुसरी: टक! तिसरी, चौथी: टक! टक! फक्त कप्प्याच्या झाकणावरून टोमॅटो घरंगळत खाली पडला. सगळ्या थोरलीत लाकूड होतं ते तेवढंच, आणि मिलीने नमुना म्हणून नेमकं तेच निवडलं होतं!

मामाचा अक्रोड तिने पुसून टाकला होता. फडक्याने. तो टेबलाखालच्या बादलीत लगदा होऊन पडला होता.

"मिली, पावती खाली का पड..." म्हणत मामी गॅरेजमध्ये आली आणि करड्या पत्र्यांपुढे थबकली. "अगं बाई! लाकूड कुठे गेलं?"

"मामी, ते..." मिलीने बादलीकडे बोट दाखवलं.

"विरघळलं? अख्खं लाकूड विरघळलं? असलं कसलं ॲसिड घातलंस? आणि मोज्यातून तुझी बोटं बघू आधी! मोज आधी!"

"दहा आहेत, मामी! लाकूड विरघळलं नाही. लाकूड नव्हतंच. पत्र्यावर रंगवलेलं होतं."

मामी टेबलाच्या कडेला टेकली. मग फार हळू म्हणाली, "म्हणजे डॉक्टरांना इतकी वर्षं जे बोलत आले, ते यांच्याच गाडीचं?"

"हो."

"यांना कळलं तर झोपूनच राहतील गं."

दोघींच्या डोळ्यांपुढे एकच चित्र आलं: रविवारी सकाळी मामा पांघरूण डोक्यावर घेऊन पडलाय आणि मैदानावर डॉक्टर तोंड उघडून हसतायत.

तेवढ्यात मामीचा फोन वाजला. मामाच! मिली जोरजोरात नकारार्थी मान हलवू लागली. मामीने घाबरून फोन घेतला.

"काय गं, अक्रोड सोलून झाला का?"

"झाला! हो! सोलला!" मामीचा आवाज वरच्या पट्टीत गेला. "छान निघाला हो अगदी! किडका नाही, खवट नाही!"

"खवट? अगं, मी लाकडाचं विचारतोय."

"मग मी काय खाण्याचं सांगतेय?" मामी कडाडली आणि फोन ठेवून दिला. मग खुर्चीत बसली. "मला नाही जमत गं खोटं. तू बोलायचंस ना!"

मिलीलाही खोटं बोलता येत नसे. फार तर ती तीन दशांश स्थळांपर्यंत गप्प बसू शकायची.

पण मामी शाळेत चित्रकला शिकवायची, आणि रडत बसणं तिला वर्गातही चालत नसे. तिने पदर खोचला. "रंगवलेलं होतं ना? मग रंगवता येतं. ते झाकण समोर ठेव. त्याच्यासारखंच करायचं."

दुकानातून खाकी रंग आला, तपकिरी आला, नवं वॉर्निश आलं. खाकी वाळला की त्यावर पातळ तपकिरी फासायचा आणि ओला असतानाच मामीच्या दात पडलेल्या जुन्या कंगव्याने ओढायचा, की लाकडाच्या रेषा उमटतात. डाव्या पट्ट्या मामीने घेतल्या. तिच्या हाताखाली झाड वाढावं तसं लाकूड वाढलं. गाठीसुद्धा आल्या. उजव्या पट्ट्या मिलीने घेतल्या.

"हे काय?" मामीने डोकावून विचारलं.

"रेषा. प्रत्येकीत चार मिलिमीटर अंतर."

"अगं, झाडाने काय पट्टी घेऊन वाढायचं? पूस! जरा चुक बघू!"

"चुकू कशी? किती चुकू, ते तरी सांग!"

पुसून पुसून मिलीची बोटं तपकिरी झाली. ती जेवताना पट्ट्या बघायची, दात घासताना पट्ट्या बघायची. दरवाजे, कपाटं, चमच्यांचे दांडे, जिथे लाकूड दिसेल तिथे थांबून रेषा न्याहाळायची. टोमॅटो मात्र तिने खिशातच ठेवला. आता कुठल्याही वस्तूवर तिचा विश्वास उरला नव्हता. बसथांब्यावरचा बाकसुद्धा ती तपासून मगच बसायची.

शनिवारी संध्याकाळी मामा आला. बूटही न काढता गॅरेजमध्ये गेला. सगळे भाग जागेवर बसवलेले होते, वॉर्निश चमकत होतं, आणि मिली तपकिरी बोटं पाठीमागे लपवून उभी होती.

मामाने डॅशबोर्ड पाहिला. डावीकडे पाहिलं. उजवीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"ही गाठ आधी नव्हती."

"ती... थराखाली होती, मामा."

"अच्छा." मामाने मिलीकडे न पाहता विचारलं, "आणखी काय काय होतं थराखाली?"

उत्तर खरं हवं, पण पूर्ण नको, असा मिलीने हिशेब केला. "आणखी... एक थर."

"अहो, चहा!" मामी दारातून ओरडली, आणि मामा विलक्षण चपळाईने चहाला निघून गेला.

रविवारी मैदानावर थोरलीभोवती गर्दी जमली. मामाने झाकणावर टकटक करून डोळे मिटले. "ऐका! अस्सल!" लोक वाहवा करत होते. मिली मात्र प्रत्येक हातावर लक्ष ठेवून होती. कोणी पट्टीकडे बोट नेलं की ती एक पाऊल पुढे सरकायची.

आणि गर्दीतून वाट काढत डॉक्टर आले. आत बसले. दार ओढून घेतलं. आयुष्यभर दात ठोकून पोकळ कुठला ते ओळखणारा माणूस! त्यांनी खिशातून पेन काढलं, उलटं धरलं, खिडकीखालच्या पट्टीजवळ नेलं, कान जवळ केला...

"तिथे नको! घामाचे डाग पडतात!"

मिली ओरडली. पण आवाज दोन आले होते. तिने वळून पाहिलं. मामाचा हात तिच्याच हातासारखा पुढे आलेला होता, आणि मामा आता आकाशातल्या एका ढगाकडे फार कुतूहलाने बघत होता.

डॉक्टरांनी निमूटपणे पेन खिशात ठेवलं. "राहिलं," ते म्हणाले. "न वाजवताही दिसतंय. काय काम केलंस, पोरी! आमच्या हिरवीचं एवढं करून दे ना. तुझा मामा म्हणतो तसा पत्रा तर पत्रा. निदान असा पत्रा तरी दिसू दे!"

मिली त्यांच्यामागून हिरव्या गाडीपाशी गेली. डॉक्टर कोणाशीतरी बोलायला वळले. तिचा हात सवयीने खिशात गेला. टोमॅटो बाहेर आला. तिने तो हिरवीच्या डॅशबोर्डला लावला.

टोमॅटो घरंगळला आणि सीटवर पडला.

तिने उचलून पट्टीला लावला. पुन्हा घरंगळला. दुसऱ्या पट्टीला लावला. तोच प्रकार.

"चिकटला का गं?"

मामा! तिच्या खांद्यामागे, अगदी कानाशी, कुजबुजत! मिलीने वळून त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे ते मनगट धरणं. ते नेमकं झाकणावरच टकटक करणं. ते सोलायलाच हवं का...

"तुला माहीत होतं?"

"ते नंतर. चिकटला का?"

"नाही. कुठेच नाही. हे अस्सल आहे, मामा. सगळं."

मामाचा चेहरा, वॉर्निश सोलताना सुरकुततं तसा हळूहळू सुरकुतला. त्याने डॉक्टरांच्या पाठीकडे पाहिलं, हिरवीकडे पाहिलं, लांब उभ्या थोरलीकडे पाहिलं.

"वाजवायचीही कधी हिंमत केली नाही त्याने," तो पुटपुटला. "माझ्या शब्दावर विसंबला बिचारा. सांगीन मी त्याला. मीच सांगीन." मग थोडं थांबून, "आज नको. प्रदर्शन संपू दे." आणखी थोडं थांबून, "महिना संपू दे."

"आणि पाना?"

"पाना तुझाच. काम माझ्यापेक्षा सरस केलंस. मागे मी रंगवलं तेव्हा गाठी काही जमल्या नव्हत्या." मामाने इकडेतिकडे पाहून आवाज आणखी उतरवला. "पण एक लक्षात ठेव. हे तुझ्या-माझ्यात. मामीला अवाक्षर कळता कामा नये. लग्न ठरलं तेव्हापासून तिला सांगतोय, अस्सल अक्रोड म्हणून. तिला कळलं तर फार मनाला लावून घेईल."

मिलीने समोर पाहिलं. मामी थोरलीला टेकून लोकांना अक्रोडाचं कौतुक सांगत होती, आणि तिच्या कानामागे, केसांच्या बटेवर, तपकिरी रंगाचा एक ठसठशीत ठिपका वाळून बसला होता.

"नाही सांगणार," मिली म्हणाली. हे मात्र पूर्ण खरं होतं.