ज्याची रेघ त्यालाच

लग्न जमवताना समोरच्याची कसून चौकशी करावी, ही आपली रीत थोर आहे. तिच्यामुळे स्वतःची चौकशी करायला कुणाला वेळच उरत नाही.

नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणारे नवनाथराव या शास्त्रातले अधिकारी पुरुष. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासणी विभागात काढली. त्यांनी पास केल्याशिवाय साधा रिव्हेटसुद्धा पुढे सरकत नसे. (निवृत्तीनंतर हा हक्क ते भाजीवाल्यांवर बजावत.) घरात पत्रिका कधीच पाहिली गेली नाही, याचा त्यांना रास्त अभिमान होता. तेव्हा मुलीचं, तेजलचं, लग्न राजशी ठरल्यावर त्यांनी विज्ञानाची कास धरली आणि मुलाची एचआयव्ही चाचणी व्हावी असं जाहीर केलं.

"मग मीपण करते," तेजल म्हणाली.

"तुला काय गरज? तू आपली आहेस."

आपलेपणापुढे विषाणूचं काही चालत नाही, असं कॉलनीतल्या नव्वद टक्के वडीलधाऱ्यांचं मत आहे. (उरलेल्या दहा टक्क्यांना मुलं नाहीत.)

राज मात्र भलताच सरळ निघाला. "चालेल की काका. आम्ही दोघं करतो. तुम्हीपण चला, सगळेच करून टाकू."

आता नाही म्हणावं तर संशय, आणि हो म्हणावं तर सुई. नवनाथरावांनी समाजापुढे आदर्श ठेवण्याचं ठरवलं. त्यांच्या पत्नी लताबाई पाण्याची बाटली घेऊन सोबत निघाल्या. त्यांना चाचणीचं कुणी विचारलं नव्हतं, कारण नवऱ्याची झाली की बायकोची झालीच, असा हिशेब होता.

सरकारी केंद्रातल्या समुपदेशक अंजली मॅडमनी एकेकाला स्वतंत्र आत बोलावलं. नवनाथरावांच्या बोटातून थेंबभर रक्त पट्टीवर गेलं, त्यावर द्रावण पडलं, आणि मॅडम म्हणाल्या, "वीस मिनिटं बसा."

माणसाला चारित्र्याचा फेरविचार करण्यासाठी शासनाने दिलेली ही मुदत अत्यंत पुरेशी आहे. नवनाथरावांना बढतीच्या प्रशिक्षणातली परगावची एक संध्याकाळ आठवली. (ती इथे देता येत नाही. लताबाई वाचतात.) तेवढ्यात पट्टीवर एक लाल रेघ उमटली.

"आली!" ते ओरडलेच.

"ती 'सी' अक्षराजवळची रेघ, काका. किट नीट चालतंय एवढंच ती सांगते. ती आलीच नाही तर चाचणी बाद, पुन्हा करायची."

"म्हणजे आधी मापाचीच तपासणी?" नवनाथरावांना शासनाबद्दल प्रथमच आदर वाटला. "आणि दुसरी आली तर?"

"'टी' अक्षराजवळ आली तर लगेच हातपाय गाळायचे नाहीत. वेगवेगळ्या किटवर पुन्हा तपासतो, मगच पक्कं सांगतो. पक्कं झालं तरी औषधं इथं फुकट मिळतात. नियमित घेतली तर माणूस नोकरी करतो, संसार करतो."

संसार म्हटल्यावर त्यांना बाहेर बाकावर बसलेल्या लताबाई आठवल्या. आपल्याला काही असेल तर ते तिलाही असू शकेल, हे इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं.  त्यांना लाज वाटली.

वेळ भरली तरी रेघ एकटीच राहिली. "नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे काही आढळलं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण गेल्या तीनेक महिन्यांत काही धोका झाला असेल, तर एवढ्यावर थांबू नका. पुन्हा या."

नवनाथराव क्षणात पूर्वपदावर आले. "नाही नाही, तसलं काही नाही. बरं, राजचं काय आलं?"

"ते त्यांना सांगितलंय."

"अहो, पण त्याला मी आणलाय!"

"तुम्हाला तुमचं सांगितलं ना?"

बाहेर राज आणि तेजलनी आपापलं एकमेकांना आधीच सांगून टाकलं होतं आणि दोघं कार्यालय कुठलं घ्यायचं यावर भांडत होते. त्यांना कुणाचाही शेरा नको होता. उभं आयुष्य इतरांना पास-नापास करणाऱ्या माणसाच्या हाती त्या दिवशी फक्त स्वतःचा निकाल आला.

"माझं व्यवस्थित आहे," त्यांनी लताबाईंना ऐकवलं. "म्हणजे तुझंही झालं. चल."

"माझं कसं झालं? बोट तुमचं टोचलं," असं म्हणून लताबाईंनी बाटली त्यांच्या हातात दिली आणि आत गेल्या.

यावेळची वीस मिनिटं नवनाथराव येरझाऱ्या घालत राहिले. लताबाई बाहेर आल्या त्या पदर सावरत, शांत.

"काय आलं?"

"सांगते की," त्या बाकावर ऐसपैस बसल्या. "मघाशी तुमचं 'आली' बाहेरपर्यंत ऐकू आलं. आधी तुम्ही एवढे कशाला घाबरलात, ते सांगा."

नवनाथरावांवर हसायला वाचकांना पूर्ण मुभा आहे. मात्र हे वाचताना ज्याला तपासणीला धाडलं पाहिजे असं एखादं नाव आपल्या मनात आलं, ते आपलं स्वतःचं नव्हतं, याची नोंद घ्यावी.