साजगावचा दुभाषा

आमच्या साजगावच्या कारखान्यात जनू रोज सकाळी मशीनला कमरेतून वाकून नमस्कार करायचा. मशीनलाच काय, फोरमनला, वॉचमनला, कँटीनच्या मांजरालाही. वर प्रत्येकाच्या नावापुढे आपल्या 'राव'सारखा जपानी 'सान' जोडायचा. मी जावक टपालाचा कारकून. मी झालो 'वामनसान' आणि मांजर 'मनीसान'.

जनू मूळचा पोशीरचा, भातशेतीवाल्यांच्या घरातला. फिटरचा हेल्पर म्हणून लागला, त्याच सुमारास जपानहून नवं मशीन आलं आणि ते बसवायला आणि पुढे काही वर्षं सांभाळायला मोरीसाहेब आले. साहेबांच्या हातात पाने देता देता जनूनं जपानी उचललं. मग दर रविवारी मुंबईला जाऊन चार वर्षं वर्गात बसला, लिहायलाही शिकला. झाला कारखान्याचा दुभाषा.

दुभाषा कसला, हलवाईच होता तो. एकदा मशीन तिसऱ्यांदा बंद पडलं. फोरमन साळुंखे कडाडले, "सांग तुझ्या साहेबाला, हे धूड भंगारात घाल म्हणावं!" जनू वाकला आणि जपानीत लांबलचक काहीतरी बोलला. मोरीसाहेबांचे डोळे पाणावले. ते साळुंख्यांपुढे वाकले. गडबडून साळुंखेही वाकले.

मी नंतर विचारलं, "काय सांगितलंस रे?"

"म्हनलं, फोरमनसानना मशीनच्या काळजीनं जेवान जात नाय. मशीन तापलं तर चालतं, वामनसान, मानूस तापू नये."

मोरीसाहेब मायदेशी गेले. वर्षभरानं त्यांचं पत्र आलं. ते मॅनेजरसाहेबांना जनूनंच वाचून दाखवलं. तिकडच्या कंपनीला एक माणूस हवा होता. यंत्रं बनवायला नव्हे, तर त्यांची माहितीपुस्तकं लिहायला आणि बाहेरदेशच्या गिऱ्हाइकांना ती समजावून सांगायला. जनूला पाठवता का, असं विचारलं होतं.

जनूचे पाय जमिनीवर ठरेनात. भर मे महिन्यात लोकरीचा स्वेटर घालून यायला लागला. घामानं निथळायचा. "सवय करतो रं," म्हणायचा, "तितं बरफ पडतो." डब्यातला भात दोन काड्यांनी खायचा. निम्मा मनीसानच्या वाट्याला जायचा.

आठवड्यानं मॅनेजरसाहेबांनी उत्तर सांगायला घेतलं. जपानला जाणारी पत्रं ते मराठीत सांगायचे आणि जनू जपानीत लिहायचा, असा रिवाजच होता. याही वेळी त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "लिही. हा माणूस धड इंजिनीअर नाही, धड फिटर नाही. बोलतो बरा, एवढंच. तुमच्या उपयोगाचा नाही."

जनू माझ्या टेबलाशी बसून लिहीत होता. अक्षर नेहमीसारखंच नीट.

"काय लिहिलंस?" मी विचारलं.

"साहेब बोलले त्ये. शब्दाला शब्द."

मला संतापच आला. "अरे, आजवर सगळ्यांचं गोड केलंस! इथे तुझ्याशिवाय हे वाचणारं आहे कोण? फिरव की दोन ओळी!"

त्यानं पाकीट चिकटवलं. "लोकांची भांडनं मिटवली, त्यात माजा काय फायदा नव्हता, वामनसान. हितं फायदा माजा हाय."

इतक्या वर्षांत मी त्याची किती टिंगल केली होती, तेच आठवत राहिलं. टपाल टाकायचं काम माझं, पण तो म्हणाला, "आज मी टाकतो." मी त्याच्याबरोबर गेटबाहेर गेलो. टपालपेटीपाशी त्यानं स्वेटर काढून हातावर घेतला, पाकीट आत सोडलं आणि पेटीला कमरेतून वाकून नमस्कार केला.

रोजचाच नमस्कार तो. पण बराच वेळ झाला तरी तो वर येईना, तेव्हा मीही त्याच्याशेजारी वाकलो.