हौदातले काळे खडक

आज चिडायचं नाही, हे रामलिंग अप्पांनी पहाटे धार काढतानाच ठरवलं होतं. नुसतं ठरवलं नव्हतं, तर चांदणी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बायकोसमोर शपथ घेतली होती. "दोन मिनिटं बोलायचं, आपला नकाशा दाखवायचा, नमस्कार करून यायचं. आवाज चढवणार न्हाय."

"बघूया की," अक्काताई म्हणाल्या आणि त्यांनी रक्तदाबाची गोळी पुढं केली.

प्रकरणच तसं होतं. बंद पडलेल्या सरकारी वर्कशॉपची अठरा एकर जागा. पंचवीस वर्षांत सरकारचं एक माणूस तिकडं फिरकलं नव्हतं. कुलूप गंजून गळून पडलं, कुंपणाची तार लोकांनी नेली, आणि मधल्या दगडी हौदात अप्पांच्या दहा म्हशी रोज अकरा ते एक डुंबायला लागल्या. नदीवर म्हशी धुवायला बंदी, पेठेत नळाला पाणी जेमतेम तासभर. हौद गेला की म्हशी विकायच्या, दुसरा मार्ग नव्हता. आणि आता एवढ्या वर्षांनी सरकारला जाग आली होती. जागेचं काय करायचं यावर लोकांचं म्हणणं ऐकायला तिथंच मांडव घातला होता, आणि ते ऐकायच्या आधीच पुण्याहून आदर्श नावाचा सल्लागार सगळं ठरवून आला होता.

टेबलावर थर्माकोलचं मॉडेल मांडलं होतं. मॉल, पार्किंग, सायकल ट्रॅक, आणखी एक पार्किंग. अप्पांनी कॅलेंडरच्या पाठीमागं काढलेला आपला नकाशा उलगडला आणि मॉडेलात हौद शोधला. हौदाच्या जागी निळी काच होती. वर चिठ्ठी: संगीत कारंजे.

"ह्यात आमच्या म्हशी कुठं हायत?" आवाज अजून खालीच होता.

"काका, पाहणीत जनावरं आढळली नाहीत. ड्रोननं फोटो घेतलेत." आदर्शनं लाल दिव्याची कांडी पडद्यावर फिरवली. आकाशातून घेतलेला फोटो. हौद, आणि हौदात दहा काळे ठिपके. शेजारी बाण काढून लिहिलं होतं: काळे खडक, यंत्राने काढून टाकणे.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तिसऱ्या ठिपक्याच्या डोक्यावर पांढरा चांद होता.

"ही चांदणी हाय."

"खडक आहे, काका."

"गेल्या पाडव्याला पैली आलेली म्हस हाय ती! आणि तू तिला यंत्रानं काढणार?" आवाज असा चढला की माईकवाल्यानं घाबरून माईक बंद केला. काही फरक पडला नाही.

समोर बसलेले साहेब म्हणाले, "ओरडू नका. म्हशी आहेत याला पुरावा काय?"

पुरावा. इथं अप्पांचं डोकं फिरलं. त्यांनी मुलीला फोन लावला. "दानेश्वरी, चांदणीला मांडवात घिऊन ये. आत्ताच्या आत्ता."

"कशी आणू?"

"कशी म्हंजे? रोज आणतीस तशी."

"आलो, आलो."

आता, कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. पुढं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल, मागं नटवलेली म्हैस. महिनाभर आधीपासून सराव चालतो. त्या आवाजाची म्हशीला अशी सवय लागते की गाडी कडाडली की ती आगंमागं बघत नाही, आवाजामागं सुटते. आणि पाडवा पंधरा दिवसांवर आला होता. हे सगळं अप्पांना पाठ होतं, पण संतापात तेवढंच आठवलं नाही.

पाच मिनिटांत बुलेट कडाडली. दानेश्वरी मांडवात शिरली, मागं चांदणी. तिथवर ठीक होतं. पण सराव दहाही म्हशींचा झाला होता, आणि उरलेल्या नऊ जणी खुंटे उपटून आल्या होत्या. दानेश्वरीनं टेबलासमोर करकचून ब्रेक मारला. चांदणी शिकवल्याप्रमाणं जागच्या जागी थांबली. थांबायचं शिक्षण बाकीच्यांना अजून दिलेलं नव्हतं. टेबल मोडलं. आधी मॉल गेला, मग दोन्ही पार्किंग. एका म्हशीला खाली पडलेली निळी काच दिसली आणि आपला हौद समजून ती कारंज्यावर ऐसपैस बसली. साहेब मांडवाच्या बांबूला बिलगले. आदर्श खुर्चीवर चढला.

"ह्यो पुरावा," अप्पा म्हणाले.

या पुराव्याचा परिणाम असा झाला की परत त्या जागेत पाय ठेवायला कुणी साहेब तयार होईना. फेरपाहणी पलीकडच्या रस्त्यावरून ड्रोननंच झाली. वेळ सकाळी अकराची. महिन्यानं नवा आराखडा फाटकावर चिकटवला गेला. दानेश्वरीनं मोठ्यानं वाचला.

"सुनावणीत घुसलेल्या म्हशी बाहेरील असून त्यांना या जागेत कायमची बंदी करण्यात येत आहे. हौदातील काळे खडक दुसऱ्या पाहणीतही त्याच ठिकाणी आढळले. सबब ते नैसर्गिक असून हौदासह जतन करावेत. कारंजे रद्द."

अप्पांच्या मानेची शीर फुगली. "परत खडक! लिव्ह, आत्ता हरकत लिव्ह. खडक दूध देतो का म्हणून इचार त्यास्नी."

"अप्पा, म्हशी हायत म्हणून लिवलं तर म्हशी हाकलत्याल. खडकास्नी कोण हाकलतंय?"

अप्पा फाटकासमोर उभे राहिले. शिव्या ओठापर्यंत आल्या होत्या, चांगल्या निवडक. एकेक करून गिळल्या. फार कडू लागल्या. मग मुलीच्या हातातलं पेन घेऊन त्यांनी आराखड्याखालच्या 'हरकत नाही' या रकान्यात सही केली, कागद फाटेल इतक्या जोरानं.

दुसऱ्या दिवशी अंतिम खात्रीसाठी ड्रोन येणार होता. अकराच्या ठोक्याला आकाशात घरघर सुरू झाली. अप्पा हौदात गळ्यापर्यंत बसले होते, डोक्यावर काळं घोंगडं घेऊन. संताप अजून उतरला नव्हता, पण आवाज शपथेप्रमाणं अगदी खाली होता.

"चांदणे," ते तिच्या कानात म्हणाले, "वर बघू नको. शेपूट आत घे."