शालीन राखाडी

कोड लिहिण्याचा एडिटर बनवणाऱ्या एका कंपनीत असं ठरलं की, एडिटरला रंग असावेत. आज्ञेचा शब्द एका रंगात, आकडा दुसऱ्यात, चूक तिसऱ्यात. आणि हे सगळं माणसाने एडिटर उघडताक्षणी, त्याला न विचारता. न विचारता जे पदरात पडतं त्याला कंपनीत ‘मूळ मांडणी’ म्हणत. मूळ मांडणी कोणी बदलत नाही, हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तिच्यासाठी समिती नेमण्यात आली.

रंग ठरवणाऱ्या माणसाला सगळे रंगारी म्हणत. तो कंत्राटावर होता. समितीने एकमताने रंग मंजूर केले तर तुला कायम करू, असं साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. एकाचाही विरोध नोंदला गेला तर कंत्राट संपलं. या एकमतात रंगाऱ्याचं स्वतःचं मतही धरलेलं होतं.

त्याची बायको त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर काम करी. इमारतीतली दारं ज्या प्रोग्रामवर उघडत आणि बंद होत, तो प्रोग्राम तिच्याकडे होता. त्यात ती जागोजाग टिपा लिहून ठेवी. टीप म्हणजे एका माणसाने पुढच्या माणसासाठी कोडमध्ये लिहिलेली साधी ओळ. यंत्र ती वाचत नाही. रंगाऱ्याने टिपांना ठसठशीत निळा रंग दिला होता. बायकोच्या धाकाने नव्हे. टिपा वाचण्यासाठी असतात, असा त्याचा भाबडा समज होता.

रंग दाखवायला नमुना हवा होता. विक्रीप्रमुख म्हणाले, “खोटा नमुना मेल्यासारखा दिसतो. काहीतरी चालू लावा.” म्हणून पडद्यावर दारांचा चालू प्रोग्राम लावण्यात आला. त्यातली एक टीप, जाता जाता. (खालची ओळ बिनकामाची वाटेल. काढू नका. काढली तर बैठकीच्या खोलीचं दार आतून उघडत नाही.) असो. समितीचं कामकाज सुरू झालं.

“आज्ञेचे शब्द ठळक करा,” साहेब म्हणाले. “आज्ञा दिसलीच पाहिजे.”

“आकडे सोनेरी,” विक्रीप्रमुख म्हणाले.

कायदेवाल्या बाईंनी चष्मा पुसला. “अटी जरा फिक्या घ्या. अटी असायलाच हव्यात. पण दिसायला हव्यात, असं कायद्यात कुठे म्हटलंय?”

मग साहेबांचं लक्ष लाल रेघेकडे गेलं. “हे काय?”

“चूक आहे, साहेब. चूक झाली की लाल दिसतं.”

“चूक म्हणू नका हो, माणसं खचतात. सुधारणेची संधी म्हणा. संधी कधी लाल असते का?”

“मग कुठला घेऊ?”

“कोवळा हिरवा.”

“पण सगळं ठीक झालं की आपण कोवळा हिरवाच दाखवतो,” रंगारी म्हणाला.

“मग तर उत्तमच,” विक्रीप्रमुख म्हणाले. “चुकलं तरी हिरवा, जमलं तरी हिरवा. गिऱ्हाईक खूश.”

शेवटी टिपांची पाळी आली. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. “आणि ही निळी बडबड कसली?”

“टिपा आहेत. माणसांसाठी.”

“यंत्र वाचतं का त्या?”

“नाही.”

“जे यंत्रसुद्धा वाचत नाही ते माणसाने कशाला वाचायचं?”

यावर समितीकडे उत्तर नव्हतं, म्हणजे प्रश्न सुटला. आज्ञांच्या बाजूने साहेब होते, आकड्यांच्या बाजूने विक्री, अटींच्या बाजूने कायदा. टिपांना वाली नव्हता. त्या राखाडी झाल्या. पुढच्या बैठकीत आज्ञा आणखी ठळक झाली, तिला उठाव यावा म्हणून टिपा आणखी फिक्या. त्याच्या पुढच्या बैठकीत सोनं आणखी चमकलं, टिपा आणखी फिक्या. होता होता त्यांचा रंग पडद्याच्या पांढऱ्यापासून ओळखू येईना. अहवालात त्याला ‘शालीन राखाडी’ असं नाव देण्यात आलं.

घरी रंगाऱ्याने बायकोला नमुना दाखवला. ती डोळे बारीक करून पाहत राहिली.

“माझ्या टिपा कुठायत?”

“इथेच आहेत की. शालीन राखाडीत.”

“माझ्या ओळींच्या तोंडावर उशी दाबलीस आणि वर शालीन म्हणतोस?”

“अगं, एकदा कायम होऊ दे. मग बोलतो बघ कसा!”

“कायम झालेल्या माणसाला बोलताना पाहिलंयस कधी?”

“उद्या अंतिम बैठक आहे गं.”

“मग उद्याच बोल ना.”

“उद्या एकमत आहे,” रंगारी म्हणाला आणि कूस वळवून झोपला.

अंतिम बैठकीत साहेब स्वतः कीबोर्डवर बसले. वरपासून खालपर्यंत पाहत ते एका ओळीवर थांबले. “ही कशाला ठेवलीय? ना ठळक, ना सोनेरी. मांडणीची शोभा घालवते.”

“काढून टाका,” विक्रीप्रमुख म्हणाले.

त्या ओळीच्या वर पांढरी जागा होती. ती रिकामी नाही, हे खोलीत फक्त रंगाऱ्याला माहीत होतं. तिथे काय लिहिलंय तेही त्याला पाठ होतं. त्याने तोंड उघडलं.

“विरोध नोंदवायचाय?” साहेबांनी विचारलं.

“छे छे. जरा पाणी हवं होतं.”

साहेबांनी ओळ काढली. एडिटरने तो बदल विनाविलंब, न विचारता जतन केला. तीही मूळ मांडणीच होती. पडद्याच्या तळाशी कोवळ्या हिरव्या पट्टीवर अक्षरं उमटली : ‘दार आतून उघडण्याची सोय सापडली नाही.’

“बघा, हिरवं आलं!” साहेब म्हणाले. टाळ्या झाल्या. रंग एकमताने मंजूर झाले आणि रंगारी जागच्या जागी कायम झाला. मग सगळे उठून दाराशी गेले.

दार उघडलं नाही. कार्ड लावून झालं, ढकलून झालं, विक्रीप्रमुखांनी लाथही मारली. “याला अडकणं म्हणू नका,” कायदेवाल्या बाई बजावत राहिल्या. गलका ऐकून रंगाऱ्याची बायको खाली आली आणि दाराच्या काचेपलीकडे उभी राहिली. बाहेरून ते दार फक्त समितीच्या कार्डांवर उघडे, आणि ती सगळी आत होती. त्याने घाईघाईने पेन्सिलीने कागदावर ‘दार उघड’ लिहून काचेला लावलं. तिने डोळे बारीक केले, मान हलवली आणि काचेला तोंड लावून म्हणाली, “दिसत नाही रे. फारच शालीन आहे.”

तरी ती वर गेली, कारण नवरा आत होता. तिने प्रोग्राम उघडला. नवी मूळ मांडणी तोवर तिच्याही यंत्रात येऊन बसली होती. गेलेली ओळ कुठे होती हे तिच्या टिपेवरून कळलं असतं, पण टीप तिची तिलाच सापडेना. ती शोधत बसली.

आत समितीने वेळ वाया घालवला नाही. दाराबाबत वेळीच आणि ठळकपणे इशारा का दिला नाही, याबद्दल दारांचा प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईंकडून खुलासा मागवावा, असा ठराव मांडण्यात आला. साहेबांनी सही केली. विक्रीप्रमुखांनी केली. कायदेवाल्या बाईंनी केली. कागद रंगाऱ्यापुढे आला.

त्याने काचेकडे पाहिलं. पलीकडे कोणी नव्हतं. त्याने सही केली.

या लबाड, मिंध्या माणसाबद्दल तुमचं मत काय झालं असेल ते मला कळतं. पण तुमच्यासाठीही वर एक ओळ कंसात ठेवली होती. कंसातलं कामाचं नसतं म्हणून ती गाळली असेल, तर समितीत तुमची खुर्ची पक्की आहे. आणि वाचली असेल, तर साहेब ओळ काढत होते तेव्हा तुम्हालाही सगळं ठाऊक होतं, आणि तुम्ही हसत होतात.