कापराचा अधिकार आणि स्लाऊच्या कारपार्कातील फत्ते

श्रीगजानन साह्य असो. विलायतेंतील तीन मऱ्हाठी मंडळांचे नवे महासंघराज्य जाहले, त्यांत अध्यक्ष डॉक्टर श्रीनिवासपंत स्टॅनमोरकर यांस काय लाभणार होते, तो हिशेब आधी मांडावा. शाल, नारळ, गणेशचतुर्थीच्या पहिल्या आरतीचे तबक, आणि तबकामागोमाग फोटोंतील मधली जागा. इस्पितळांत पंतांनी गुडघे बदलिले बहुत, परंतु गुडघ्यांचे धनी चालते जाहले आणि वळोन पाहिले नाही. सबब पंतांचा जीव त्या तबकांत अडकला.

पंतांचे मत की, मंडळे ही बोटे, महासंघ ही मूठ. त्यावर लंडनाशेजारील स्लाऊ गांवच्या मंडळाचे सरदार अजयराव यांनी जबाब पाठविला की, बोटे आमची आणि मूठ तुमची, हा न्याय कबूल नाही; हॉल आमचा, ढोल आमचे, स्टॅनमोरकरांनी आपल्या ड्राइव्हवेपुरते राज्य करावे. मग झूमवर मसलती बसल्या, आणि केंब्रिजकर विद्वान घटकाभर म्यूटवर बोलिले, आणि त्यांचे म्हणणे सर्वांस पटले. तह ठरला: आरती केंद्राची, प्रसाद मंडळांचा. राहिला कापूर.

कापराचा धूर छतास लागतां फायर अलार्म होतो, म्हणोन केअरटेकरास आगाऊ सांगोन तो बंद करविणे, हा स्लाऊकरांचा जुना रिवाज. पंतांनी फर्माविले की, कापूर आरतीचा, सबब सांगणे केंद्राचा हक्क. अजयरावांनी फर्माविले की, छत स्लाऊचे, सबब आमचा. उभयतांनी एकमेकांस सक्त मनाई केली. हक्क दोघांनी राखिला. सांगितले कोणीच नाही.

चतुर्थीस स्लाऊच्या हॉलांत पंत फेटा बांधोन, तबक घेऊन उभे ठाकले. त्यांचे कुटुंब सुनीतीबाई, पहाटेपासोन मोदक वळोन दमलेल्या, यांनी पुसिले, "अहो, केअरटेकरला सांगितलंत ना?"

"तो घटनात्मक प्रश्न आहे."

"बरं. मग मी छत्री घेते."

कापूर पेटला आणि अलार्म कडाडला, आणि अवघी फौज पैठण्या सांवरीत भर पावसांत कारपार्कांत पळाली, आणि मग लाल बंब आला. बंबवाल्या बाईने एकवार "मागे व्हा" म्हणतांच केंद्र आणि मंडळे, दोन्ही सार्वभौम सत्ता, "सॉरी, सॉरी" करीत कुंपणास टेकल्या. मूठही उघडली, बोटेही जोडली.

पंतांच्या हातीं विझले तबक. सुनीतीबाईंनी ते काढोन घेतले, छत्रीखाली वात लाविली आणि आरती उचलिली. पंतांनी हळूच तबक मागितले. हुकूम जाहला, "छत्री धरा."

पंतांनी धरिली. फोटोंत मध्यें सुनीतीबाई. पंतांचा एक मनगटापुरता हात.

महासंघाने दफ्तरीं लिहिले की, आरती निर्विघ्न, केंद्राची फत्ते. मंडळाने लिहिले की, ती स्लाऊच्या भूमीवर, मंडळाची फत्ते. शाल पंतांस पोंचली, नारळ अजयरावांस. मोदक मात्र आंत गार जाहले होते. ते दुसऱ्यांदा उकडावयाचे कलम घटनेत कोठेच नव्हते, म्हणोन ते सुनीतीबाईंनी उकडिले.